गर्दीतली वर्दी

देहूरोड स्टेशनवर उतरून तुकोबांच्या देहूला जायचे म्हणजे पाच-सहा किलोमीटरचा रस्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात लष्कराचे डेपो आले, त्यांच्याभोवती छावणी वसली, आणि तेव्हापासून वारकऱ्यांचा पांढरा आणि फौजेचा हिरवा असे दोन्ही रंग इथे शेजारी शेजारी नांदत आले. एका बाजूला तळेगाव दाभाड्याला सीआरपीएफचे केंद्र, दुसऱ्या बाजूला खडकीला दारूगोळा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्सचे मुख्यालय, पलीकडे दिघीला संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला वर्दी परकी वाटत नाही. सकाळी दूध आणायला गेले की शेजारी कोणीतरी वर्दीतलाच उभा असतो.

तरी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. जंगलातल्या शिपायाला हिरवी वर्दी, वाळवंटातल्याला वाळूच्या रंगाची, सियाचीनवरच्याला पांढरी. मग सिमेंट, काच, पत्रा आणि माणसांची गर्दी असलेल्या शहरात लढणाऱ्याने कोणता रंग घालावा? जगातल्या मोठमोठ्या सैन्यांनी गेली चाळीसेक वर्षे या प्रश्नावर डोके आणि पैसा खर्च केला आहे. मला मात्र या प्रश्नाचे सर्वांत अचूक उत्तर याच मुलखात, साडेतीनशे वर्षांपूर्वी मिळाले होते असे वाटते.

1660 च्या मे महिन्यात मोगल सरदार शाहिस्तेखान पुण्यात उतरला. त्याने पहिला मोर्चा वळवला तो चाकणच्या संग्रामदुर्गाकडे. आज कारखान्यांच्या ट्रकांनी गजबजलेल्या चाकणात त्या भुईकोटाचे थोडेच अवशेष उरले आहेत, पण तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो मूठभर माणसांनिशी पावणेदोन-दोन महिने झुंजवला. सुरुंग लावून बुरूज उडवल्यावरच ऑगस्टमध्ये किल्ला पडला. ही उघड्या मैदानातली, तोफांची लढाई होती आणि त्या लढाईत मोगलांच्या संख्येपुढे टिकाव लागत नव्हता. खान पुण्यात परतला आणि लाल महालातच राहू लागला. ज्या वाड्यात शिवाजी महाराजांचे बालपण गेले, तोच वाडा शत्रूचा निवास झाला.

भोवती मोगलांचा प्रचंड तळ. खाफीखान हा मोगल पक्षाचा इतिहासकार सांगतो की परवान्याशिवाय कोणा मराठ्याला शहरात येऊ द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. डोंगरात, रानात, अंधारात लपणे मावळ्यांना नवे नव्हते. पण राहुट्या, दिवट्या, पहारे आणि हजारो माणसे यांच्या मधोमध लपायचे कसे?

5 एप्रिल 1663 ची रात्र. रमजानचा महिना चालू होता. दिवसभराचे रोजे सोडून, जेवून लोक निजले होते. महाराजांबरोबर निवडक चारशे माणसे होती आणि त्यांत खेडचे देशपांडे चिमणाजी बापूजी व बाबाजी बापूजी हे भाऊ होते. खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर, चाकणच्या पुढचे. मुलखाची आणि वाड्याची खडान्‌खडा माहिती असलेली ही माणसे. पहारेकऱ्यांनी हटकले तेव्हा त्यांनी सांगितले की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, आमच्या नेमून दिलेल्या चौकीवर निघालो आहोत. हे खरे वाटण्याजोगेच होते. मोगलांच्या चाकरीत मराठे सरदार आणि त्यांची पथके होतीच. तीच पागोटी, तेच अंगरखे, त्याच ढाल-तलवारी, तीच बोली. खाफीखानाची हकिकत थोडी वेगळी आहे. तो म्हणतो की लग्नाच्या वरातीचा परवाना काढून एक टोळी आत आली आणि दुसरी टोळी पकडून आणलेल्या कैद्यांच्या सोंगाने. दोन्ही हकिकतींचा गाभा एकच आहे. आत शिरणाऱ्यांनी स्वतःला दिसेनासे केले नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ज्यांची सवय होती, त्यांच्यासारखे ते दिसले.

पुढचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. मुदपाकखान्यात काही आचारी सकाळच्या तयारीला उठले होते. त्यांना आवाज करू न देता संपवले गेले. मुदपाकखाना आणि पलीकडचा नोकरांचा भाग यांच्यामध्ये एक जुनी वाट होती. ती विटा-मातीने बुजवून टाकलेली होती. मावळे त्या विटा उपसू लागले. ठोक्यांचा आवाज ऐकून कोणी खानाला उठवले, पण आचारी काहीतरी करत असतील म्हणून ते मनावर घेतले गेले नाही. भिंतीला भगदाड पडले आणि महाराज आत घुसले. पुढच्या गोंधळात खानाची तीन बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फत्ते मारला गेला. नौबतखान्यात शिरून मराठ्यांनी खानाच्याच नावाने नौबत वाजवायला लावली, त्यामुळे आतल्या किंकाळ्या आणि बाहेरचे हुकूम कोणालाच नीट ऐकू गेले नाहीत. मग मंडळी एकत्र जमून सरळ वाटेने बाहेर पडली. परतताना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग भलतीकडे वळवल्याची कथा लोक अजून सांगतात आणि कात्रजचा घाट दाखवणे हा वाक्प्रचारही त्याच कथेशी जोडतात. वर्षाच्या आत खानाला बंगालची वाट धरावी लागली.

वेश, बोली, सण, वेळ आणि आवाज अशा पाच गोष्टींनी त्या रात्री शहरात लपण्याचे काम केले. रंगाचा त्यात वाटा नव्हता.

यानंतर वर्दीचा इतिहास बराच काळ उलट्या दिशेने गेला. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला शिपाई लाल डगल्यात लढत असे. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची 1768 साली उभी राहिलेली जंगी पलटण त्याच परंपरेतली. आज लाल डगला वेडेपणाचा वाटतो, पण त्याला कारण होते. काळ्या दारूच्या बंदुका एकदा झडल्या की मैदानभर धूर दाटायचा. त्या धुरात आपले कोण, परके कोण हे सेनापतीला कळले पाहिजे. शिपाई दिसणे हीच तेव्हा गरज होती.

1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने गाइड्सची तुकडी उभारली, तिला मातकट खाकी कपडे दिले आणि वारे फिरले. 1857 च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले. खाकी कपड्यांतली फौज पहिल्यांदा समुद्रापार गेली ती 1867-68 च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत, आणि ती निघाली मुंबईहून. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर त्या वेळी मुंबई फौजेचाच प्रमुख होता. पुढे लांब पल्ल्याच्या रायफली आणि 1880 च्या दशकात बिनधुराची दारू आली, तसा दिसणारा शिपाई म्हणजे मेलेला शिपाई असा हिशेब झाला. खाकी, मग ब्रह्मदेशाच्या जंगलात गडद हिरवा, स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेचा ऑलिव्ह ग्रीन म्हणजे ओजी, त्यानंतर हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचा कॉम्बॅट ड्रेस. हा सगळा प्रवास रानाकडे तोंड करून झाला. शहराचा विचार कोणी केलाच नव्हता.

तो विचार नेटाने केला गेला बर्लिनमध्ये. पश्चिम बर्लिन म्हणजे चहूबाजूंनी कम्युनिस्ट प्रदेशाने वेढलेले शहर. युद्ध पेटलेच तर तिथल्या ब्रिटिश ब्रिगेडला रस्त्या-रस्त्यांत लढावे लागणार होते. तिच्याकडचे चीफटन रणगाडे मात्र हिरव्या आणि काळ्या रंगाच्या नागमोडी पट्ट्यांचे होते. 1982 च्या सुमारास मेजर क्लेंडन डॉक्स या अधिकाऱ्याच्या लक्षात आले की शहरात नागमोडी रेषा कुठेच नाही. भिंती, खिडक्या, पायऱ्या, पदपथ, सगळे उभ्या आणि आडव्या सरळ रेषांचे. वळणदार पट्ट्यांचा रणगाडा तिथे अधिकच उठून दिसे. त्यांनी पांढरा, करडा आणि तपकिरी असे तीन रंग घेतले आणि पूर्ण रणगाडा मोठमोठ्या चौकोनांनी रंगवला. उघड्या मैदानात असा रणगाडा विचित्र दिसतो. पण तोच एखाद्या इमारतीच्या कडेला, भिंतीला लागून उभा केला की त्याची कड भिंतीच्या आणि खिडकीच्या कडांत मिसळते आणि तोफेची नळी कुठे संपते हे चटकन कळत नाही. शहरासाठी केलेल्या रंगकामात मला हाच प्रयोग सर्वांत हुशारीचा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेतून आला नाही. रस्त्यावर उभे राहून शहराकडे पाहणाऱ्या माणसाला तो सुचला.

पण रणगाडा भिंतीला टेकून उभा राहू शकतो, माणूस चालतो. तो सावलीतून उन्हात येतो, विटांच्या भिंतीवरून पांढऱ्या भिंतीपुढे जातो, जिन्याने चढतो, खोलीत शिरतो. दहा पावलांत त्याची पार्श्वभूमी पाच वेळा बदलते. या अडचणीवर अमेरिकेने काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. जंगल, वाळवंट आणि शहर या तिन्हींसाठी एकच नक्षी असे ठरवून 2004 मध्ये त्यांच्या लष्कराने वाळूचा, पानाचा आणि शहरी करडा अशा तीन फिक्या रंगांच्या बारीक चौकोनांची वर्दी आणली. त्याआधी कॅनडाने अशा चौकोनी, म्हणजे डिजिटल नक्षीचा प्रयोग यशस्वी केला होता. बारीक चौकोन जवळून पानांच्या पोतासारखे दिसावेत आणि त्यांचे पुंजके दुरून शरीराची आकृती फोडून टाकावेत, हे त्यामागचे शास्त्र. शास्त्र बरोबर होते, पण एकाच कापडाने सगळी भूमी झाकण्याचा हट्ट चुकला. अफगाणिस्तानात तो फिका करडा रंग मातीवरही उठून दिसे आणि झाडीतही. 2010 पासून तिथल्या सैनिकांना दुसरी वर्दी द्यावी लागली आणि 2019 मध्ये ती करडी वर्दी कायमची निवृत्त झाली. अमेरिकी मरीन दलाने निव्वळ शहरासाठी केलेली नक्षी तर नमुन्यापुढे गेलीच नाही.

शहरात लढणाऱ्या शिपायाला आजही खरा आडोसा देतो तो धूर. एका इमारतीतून समोरच्या इमारतीत जाताना मधला रस्ता हीच मरणाची जागा असते, आणि तो रस्ता कोणत्याही नक्षीचे कापड ओलांडून देत नाही. धुराचा डबा फेकायचा, भिंत उभी राहिल्यासारखा पांढरा पडदा पसरू द्यायचा आणि पळायचे. आत शिरल्यावर खिडकीला चिकटून उभे न राहता खोलीच्या आत, अंधारात मागे राहून बाहेर पाहायचे. देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी नेमक्या याच जातीच्या मालासाठी आहे. धूर, प्रकाश आणि इशारा देणारा दारूगोळा ती बनवते. 2021 पासून ती खडकीत मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत सामील झाली आहे. शहरी युद्धातल्या लपण्याच्या इतिहासात आपल्या गावाचा वाटा शोधायचा तर तो या कामगारांच्या हातांत आहे. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे याची मला खंत वाटते. रोज पेट घेणाऱ्या रसायनांशी खेळणारी ही माणसे आहेत.

आता अतिरेकी हल्ल्याच्या वेळची, 26 नोव्हेंबर 2008 ची मुंबई. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे कमांडो मानेसरहून आले ते काळ्या डांगरीत. काळा रंग आला होता तो इमारतीच्या आत, अंधाऱ्या खोल्यांत आणि जिन्यांत ओलीस सोडवण्याच्या कामातून. 1980 मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीवर ब्रिटिश कमांडोंनी केलेली कारवाई दूरचित्रवाणीवर दिसली, आणि तेव्हापासून जगभरच्या अशा दलांची तीच ओळख झाली. 28 तारखेच्या सकाळी हेलिकॉप्टरमधून दोरावरून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणाऱ्या काळ्या आकृत्या सगळ्या देशाने थेट पाहिल्या. भर दिवसा, उघड्या गच्चीवर काळा रंग काही लपवत नाही. त्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांनी प्राण दिले, ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी. त्यांच्या शौर्याला रंगाची गरज नव्हती. पण एक गोष्ट तो काळा रंग करत होता. भेदरलेल्या शहराला तो सांगत होता की ही आपली माणसे आहेत.

हल्लेखोर कसे आले होते? टी-शर्ट, खिशांची पँट, पाठीवर सॅक. जवळ कॉलेजची खोटी ओळखपत्रे. सीएसटीच्या गर्दीत पहिली गोळी सुटेपर्यंत ते कोणालाही वेगळे वाटले नाहीत. स्वराज्यासाठी, खानाच्या फौजेने गिळलेले आपलेच घर मिळवायला केलेला छापा आणि निरपराधांचे शिरकाण यांची बरोबरी कोणी करू नये, मी तर मुळीच करणार नाही. परंतु शहरात माणूस कसा लपतो, याचा नियम दोन्ही ठिकाणी तोच निघाला. आणि त्या रात्री गिरगाव चौपाटीवर या हल्लेखोरांपैकी कसाबच्या गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे कमांडो नव्हते, साध्या पोलिसी नेमणुकीवरचे सहायक उपनिरीक्षक होते.

आपल्या देशात शहरासाठी खास केलेली चितकबरी वर्दी वर्षानुवर्षे घातली आहे ती शीघ्र कृती दलाने, म्हणजे रॅपिड ॲक्शन फोर्सने. दंगली आवरण्यासाठी 7 ऑक्टोबर 1992 पासून कामाला लागलेली ही सीआरपीएफची शाखा. तिची एक बटालियन नव्या मुंबईत तळोज्याला आहे. तिची वर्दी निळ्या छटांची. शहरात निळे असते काय? आकाश आणि एखादी रंगवलेली भिंत. ही वर्दी लपण्यासाठी नाहीच. दंगलीच्या रस्त्यावर निळी तुकडी संचलन करत आली की दुकानाच्या फळ्या उघडतात, हे आपल्याकडच्या अनेक गावांनी अनुभवले आहे. लपवण्यासाठी जन्मलेली नक्षी शहरात आल्यावर दाखवण्याच्या कामी आली. जुन्या लाल डगल्याचे काम आता या निळ्या ठिपक्यांनी उचलले आहे.

आणि म्हणूनच वर्दीच्या नक्षीची चोरी भयंकर ठरते. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर चालून आलेले अतिरेकी लष्करी पोशाखात होते. त्यानंतर लष्कराने जाहीर विनंती केली की नागरिकांनी फौजेच्या नक्षीचे कपडे घालू नयेत, दुकानदारांनी विकू नयेत, आणि खासगी सुरक्षा एजन्सी व इतर दलांनीही ते टाळावेत. फौजेचे कापड तेव्हा कुठल्याही बाजारात वारावर मिळत होते.

15 जानेवारी 2022 ला, सेनादिनी, दिल्लीत पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीने नवी वर्दी घालून संचलन केले. नक्षी दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, निफ्टने, लष्कराबरोबर तयार केलेली. ऑलिव्ह आणि मातीच्या रंगांचे बारीक चौकोन, सत्तर टक्के सुती आणि तीस टक्के पॉलिएस्टर असे हलके, लवकर वाळणारे कापड, शर्ट पँटीत न खोचता बाहेर. ही नक्षी शहरासाठी नाही, सगळ्या प्रकारच्या प्रदेशांत चालावी म्हणून आहे. पण तिच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट झाली. लष्कराने तिची नोंदणी कोलकात्याच्या पेटंट व डिझाइन कार्यालयात केली आणि तिच्यावर स्वतःचा हक्क प्रस्थापित केला. परवानगीशिवाय ते कापड कोणी बनवले किंवा विकले तर लष्कर आता न्यायालयात जाऊ शकते. सुरुवातीचे पन्नास हजार संच देशातल्या पंधरा कॅन्टीन डेपोंकडे गेले आणि त्या पंधरांत आपली खडकी होती. ती वर्दी कशी बेतायची, कशी शिवायची हे लष्करी आणि नागरी शिंप्यांना शिकवायला निफ्टच्या शिक्षकांनी कार्यशाळा घेतल्या. जवानांसाठी पुढे 11 लाख 70 हजार संचांच्या खरेदीचे नियोजन झाले.

छावणीच्या बाजारातला शिंपी हा या साखळीतला फार महत्त्वाचा माणूस आहे. नव्या जवानाची पँट कमरेत आवळणे, बाहीवर बिल्ला सरळ बसवणे, नावाची पट्टी लावणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या त्याने केली. समोरचे गिऱ्हाईक खरा फौजी आहे की नाही, हे त्याला बोलण्यावरून आणि उभे राहण्यावरून कळते. लाल महालाच्या पहारेकऱ्यांना जे ओळखता आले नाही, ते ओळखण्याची नजर या शिंप्याकडे असते. खोट्या वर्दीविरुद्धचा पहिला पहारा त्याचाच.

15 जानेवारी 2025 ला सेनादिनाचे संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर झाले आणि आपल्या भागातल्या पोरांना फौज जवळून पाहायला मिळाली. त्या वयात मिलिटरी प्रिंटचा शर्ट हवासा वाटणे साहजिक आहे. तरी देहूरोडच्या, खडकीच्या, चाकणच्या आणि तळेगावच्या दुकानदारांना, तसेच पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. फौजेच्या चालू नक्षीची नक्कल विकू नका आणि घेऊ नका. सुरक्षारक्षकांना, ढोल-ताशा पथकांना, मिरवणुकीतल्या पोरांना ते कापड देऊ नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुकोबांच्या पालखीच्या प्रस्थानाला देहूत जी गर्दी होते, तिच्यात साध्या वेशातले पोलीसही असतात आणि वर्दीतलेही. वर्दीतला माणूस दिसला की त्याच्याकडे बिनधास्त मदत मागता आली पाहिजे. कोणी अनोळखी माणूस लष्करी पोशाखात संशयास्पद वाटला, तर 112 वर कळवा.